बिनआवाजाची सायकल

"अजून वाजतेय," ठकी म्हणाली.

बाबांनी घडीची सायकल पुढच्या चाकाकडून जराशी उचलली आणि फरशीवर सोडली. खडड्. आतल्या खोलीत आत्यानं कूस बदलली आणि पुटपुटली, "दुपारीसुद्धा डोळा लागू देत नाहीत."

"एक नाही, बरेच आवाज आहेत," बाबा म्हणाले. "एकाआड एक लपलेत. मोठ्याला आधी धरायचं, मग धाकटे आपोआप बोलायला लागतात."

बाबांच्या सायकल दुकानापेक्षा त्यांच्या कानाचीच ख्याती मोठी होती. गिऱ्हाईक कोपऱ्यावर वळलं की ते आत बसूनच सांगत, चेन सैल आहे की ब्रेक घासतोय. घरातही तीच तऱ्हा. जिन्यावर कोण आहे, हे त्यांना झोपेतही कळायचं. ठकीची पंचाईत नेमकी तिथंच होती.

परगावच्या सायकल कारखान्यानं तिला तपासनीस म्हणून बोलावलं होतं. तयार सायकल चालवायची, आवाज ओळखायचा, दोष सांगायचा. परीक्षेला बसलेल्यांत डोळे मिटून चाकातली सैल तार सांगणारी ती एकटीच निघाली होती. उद्या हजर व्हायचं होतं. नाही गेली तर जागा दुसऱ्याला.

पण आत्यानं डोक्यात राख घातली. एकटी पोर परगावी राहणार? तिनं जेवणच सोडलं. शेवटी बाबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, "माझ्या परवानगीनं ही पोर गाव सोडणार नाही." बाबा शब्दाचे पक्के, हे साऱ्या आळीला ठाऊक. आत्या ताटावर बसली आणि ठकी ताटावरून उठली.

रडत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. पहाटेची पहिली बस गाठायची, एवढं तिनं ठरवून टाकलं. स्टँड पार गावाबाहेर, आणि त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, म्हणून सायकल हवी. तिकडेही खोलीपासून कारखाना लांब होता. घडी घातली की सायकल बसच्या डिकीत मावली असती. अडचण एकच. घराला दार एकच, दुकानातून, आणि दारालगत बाबांची खाट. सायकल जरा हलली तरी खडखडायची.

म्हणून ज्या कानाला चुकवायचं, त्याच कानाकडून ती सायकल पास करून घेत होती. या युक्तीवर ती बेहद्द खूश होती. ठकी हे नाव उगाच नव्हतं पडलं.

"मडगार्ड धर," बाबा म्हणाले. तिनं धरलं, त्यांनी सायकल सोडली. आवाज निम्मा झाला. हात लावल्यावर जो गप्प बसतो तोच चोर, ही त्यांची रीत. मडगार्डच्या स्क्रूखाली रबरी वॉशर गेला. मग घडीच्या बिजागरीचा खटका पकडला गेला. तो बसायचा, पण पुरता आवळायचा नाही. मग ब्रेकची केबल दांडीवर आपटताना सापडली. जुन्या ट्यूबची पट्टी कापून बाबांनी ती बांधून टाकली.

"झालं की," ठकी म्हणाली.

"नुसत्या सायकलवर काय कळतंय? ओझं टाकून बघ."

ठकीनं चमकून वर पाहिलं. "कसलं ओझं?"

"आपले पाने-पकडी भर पिशवीत. आणि नीट बांध, रस्ता खराब असतो."

कॅरिअरवर पिशवी बांधून तिनं दुकानापुढे चक्कर मारली. बाबा डोळे मिटून ऐकत होते. "काही नाही," ते म्हणाले.

"आहे," ठकी म्हणाली. "बारीक टिकटिक. सीटच्या खाली."

बाबांनी सीटची नळी उपसली, पुसली, ग्रीस लावून पुन्हा बसवली. मग त्यांनी स्वतः चक्कर मारली.

"मला ऐकू आला नव्हता तो," ते म्हणाले. "शाबास."

बाबांच्या तोंडून शाबास म्हणजे सोन्याची कांडी. ठकीची छाती अभिमानानं फुलली, आणि पाठोपाठ तिला स्वतःची लाजही वाटली. ज्यांनी कान दिला त्यांनाच ती फसवत होती.

बाबांनी तेलाची बुधली उचलली आणि उरलेलं तेल दाराच्या बिजागऱ्यांत सोडलं. "वाया कशाला घालवा?" आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! ठकीनं हसू कसंबसं दाबलं. संध्याकाळी बाबा पाय मोकळे करायला म्हणून जे गेले, ते ताटं वाढल्यावरच परतले.

पहाटे ती निघाली तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. त्यांच्या खाटेशी तिचा पाय अडला. हाक मारावी असं फार वाटलं. पण तिनं दार उघडलं, सायकल बाहेर काढली आणि पायडल मारलं.

खड्डे आले, खडी आली, उतार आला. सायकल चकार शब्द बोलली नाही. असं काम गावात दुसरं कोण करणार होतं? माझ्या बाबांचा हात आहे हा, असं त्या रिकाम्या रस्त्याला ओरडून सांगावंसं तिला वाटलं. आणि त्या कानाला चुकवून आपण निघालो, याचाही तिला थोडका अभिमान नव्हता.

स्टँडवर तिनं सायकलची घडी घातली. कंडक्टरनं बसची डिकी उघडली आणि घडीची सायकल बघून तो पुढे आला.

"या, या. खिडकीची जागा धरून ठेवलीय तुमची."

"माझी? कुणी सांगितलं?"

"तुमच्या वडिलांनी. काल संध्याकाळी येऊन गेले ना! पोरीचा कान माझ्यापेक्षा तिखट आहे म्हणून अख्ख्या स्टँडला सांगत होते," कंडक्टर म्हणाला, आणि त्यानं जीभ चावली. "मी येऊन गेलो हे मात्र तिला कळू देऊ नका, म्हणाले होते."