पडला बॉल

उन्हाळी शिबिरात व्हॉलीबॉलचे कोच रोज सकाळी पोरींवर उखडायचे. "दोघींच्या मधे बॉल पडतोच कसा? ही म्हणते ती घेईल, ती म्हणते ही घेईल! मिठाची गुळणी धरलीय का तोंडात? 'माझा' म्हणून ओरडा आणि घ्या!" तरीही पडलाच, तर शिक्षा ठरलेली. "पडला बॉल! पळा दोघी!" म्हटलं की दोघींच्या मैदानाला फेऱ्या सुरू.

कडेच्या बाकावर बसून कोचचे म्हातारे वडील हे सगळं ऐकायचे, गालात हसायचे. गेल्या आठवड्यात ते जिन्यावरून पडले, आणि बाक रिकामा झाला.

आज शिबिर आटोपून कोच तसेच, गळ्यातल्या शिट्टीसकट, हॉस्पिटलात पोचले. धाकटा भाऊ आधीच आला होता. दोघांच्या मधे चाकाच्या खुर्चीत वडील, मांडीवर कपड्यांची पिशवी.

"आजोबांना कोण नेतंय घरी?" नर्सने विचारलं. "आता यांचं सगळं जागेवरच करावं लागेल हं."

कोचनी भावाकडे बघितलं. भावाने कोचकडे. एकाने घसा खाकरला, दुसऱ्याने मोबाइल काढला.

वडिलांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग पिशवी छातीशी धरून हळूच म्हणाले, "पडला बॉल. पळा दोघे."