चालत्या पावलाचं माप

आईची प्रार्थना 'आमेन'पर्यंत पोचते न पोचते, तोच नवरा मापाची पट्टी घेऊन आत आला. लेकीच्या खाटेशी उकिडवा बसला आणि तिच्या पायांवरचं पांघरूण बाजूला केलं.

आईच्या अंगाचा तिळपापड झाला. तापात पोरीचे पाय लुळे पडले त्याला तीन वर्षं झाली होती. त्याआधी ती घरभर अशी नाचायची की तिचं नावच भिंगरी पडलं. तिने पुन्हा चालावं म्हणून आई रोज सकाळी खाटेशी गुडघे टेकायची, आणि हा बूट शिवणारा बाप रोज पट्टी घेऊन हजर! बरं, नुसती पट्टी लावून उठेल तर शपथ. टाच तळहातात धरून पाऊल वर दाबायचा, खाली झुकवायचा, एकेक बोट सरळ करायचा. पडलेल्या पायाच्या मापाचा बूट चालताना चावतो, असं तो गिऱ्हाइकांनाही सांगायचा.

देवाधर्माचं म्हणाल तर आनंदच होता. रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचा आणि पहिल्याच गीताला पेंगायला लागायचा.

"अहो, कशाला जखमेवर मीठ चोळता?" आज ती बोललीच. "खाटेवरच्या पोरीचं माप घेऊन काय करणार? माझ्याइतका विश्वास नसेल तर नसू दे, पण ही थट्टा नको."

त्याने शिवलेला बूट एक वेळ बोलेल, पण तो बोलणार नाही, असं गल्लीत सगळे म्हणायचे. पट्टी गुंडाळून तो भिंतीपलीकडच्या कामाच्या खोलीत गेला. थोड्या वेळाने हातोडीची ठकठक सुरू झाली.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. आठवड्यापूर्वी भिंगरीच्या पायाचं बोट हललं होतं, म्हणून त्यांना बोलावलं होतं. त्यांनी गुडघे तपासले, तळव्यांवर नख ओढून पाहिलं.

"पायांत जोर येतोय," त्या हळूच म्हणाल्या. "फार क्वचित होतं असं. पण मला नवल वेगळंच वाटतंय. इतकी वर्षं पडून राहिलं की पावलं आखडतात, वाकडी होतात. मग जोर येऊनही उभं राहता येत नाही. हिचे घोटे तर मोकळे आहेत. रोज कोण वाकवतं?"

आईने भिंतीकडे पाहिलं. पलीकडची हातोडी थांबली होती.

"उभी करून बघू या. घोट्याला आधार हवा. बूट आहेत ना हिचे?"

आईने मान खाली घातली. बूट नव्हते. पहिल्याच वर्षी तिने ते शेजारणीच्या मुलीला देऊन टाकले होते. उगाच पडून कशाला राहायचे, असं वाटलं होतं तिला. त्या दिवशीही सकाळची प्रार्थना चुकली नव्हती. हे आज पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं, आणि तिला आपलीच लाज वाटली.

तेवढ्यात बाप दारात आला. त्याच्या हातात बुटांची नवी कोरी जोडी होती, घोट्याच्या वरपर्यंत चढणारी.

"आई, ही चौथी जोडी," भिंगरी म्हणाली. "आधीच्या लहान झाल्या. बाबांच्या बाकाखाली आहेत."

त्याने नाड्या आवळल्या. बूट असे बसले की जणू ती कालच त्यांतून फिरून आली होती. बापाच्या खांद्यांवर हात रोवून भिंगरी उठली. पाय लटपटले, पण टाचा जमिनीवर टेकलेल्या राहिल्या. मग उजवं पाऊल पुढे पडलं. फरशीवर टाचेचा आवाज झाला आणि आईच्या अंगावर सरसरून काटा आला. देव याच खोलीत उभा आहे असं तिला वाटलं. तिचे गुडघे आपसूक टेकले.

"अहो," ती रडत म्हणाली, "तुम्ही तर कधी त्याच्याकडे काही मागितलंही नाहीत. मग हे बूट कशाच्या भरवशावर शिवलेत?"

तो नाडीची गाठ पुन्हा तपासत होता.

"तू मागत होतीस ना रोज. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं," तो म्हणाला. "म्हटलं, देव हिचं ऐकेल तेव्हा पोरीने काय अनवाणी चालायचं?"