गच्चीवरच्या दोन बरण्या

"दोन्ही फिकट," प्रफुल्ल म्हणाला आणि बरण्यांशेजारीच फतकल मारून बसला.

रत्नपाल सरांनी एक बरणी उचलून उन्हाकडे धरली, मग दुसरी. ते त्याच्या पीएचडीचे गाईड. आज भुकटीनं काही दाखवलं नाही तर विषय बंद, असं सांगूनच ते दिवेआगरला आले होते. विषय बंद म्हणजे पीएचडी गेली, आणि पाठोपाठ श्रीवर्धनच्या कॉलेजातली तात्पुरती नोकरीही.

सकाळी दोन्ही बरण्यांत सारखंच गडद निळं पाणी होतं. एकीत प्रफुल्लनं बनवलेली पिवळसर भुकटी, दुसरीत नुसतंच रंगाचं पाणी. भुकटीचे कण इतके बारीक, की त्यांच्यापुढे केस म्हणजे माडाचं खोड. ऊन लागलं की ते जागे होऊन रंग खातात, असं प्रबंधात लिहिलं होतं. भुकटीच्या बरणीतला रंग जायचा, खोटं नाही. पण शेजारच्या नुसत्या पाण्याचाही तितकाच जायचा. मग भुकटीनं केलं काय?

"ऊनच कडक आहे रे तुमच्याकडचं," सर म्हणाले. "सगळं काम सूर्य करतो. तुझी भुकटी आपली हजेरी लावून बसते."

कॉलेजातला प्रयोगाचा दिवा उडाला होता आणि नवीन यायचा होता, तो अजून येतच होता. म्हणून प्रयोग घरच्या गच्चीवर. वादळात वाडीतले माड आडवे झाले, तेव्हापासून तिथं ऊन मात्र भरपूर. सकाळी बरण्या भरायच्या, कॉलेजला जायचं, संध्याकाळी येऊन निराश व्हायचं. त्यानं बरण्या बदलल्या, भट्टीचं तापमान बदललं, चष्म्याचा नंबर बदलला. एका रविवारी तर तो दिवसभर बरण्यांसमोर बसून राहिला. त्या दिवशी नुसतं पाणी संध्याकाळपर्यंत निळंच्या निळं! पण मधे थोडे ढग आले होते, म्हणून सरांनी तो दिवस धरलाच नाही.

प्रफुल्लची आई, पुतळाबाई, चहा घेऊन वर आल्या.

"सर, बसा, पण सदरा सांभाळा. ह्याची भुकटी लय वाईट. माझ्या साडीवर पिवळे ठिपके पडले, ते अजून हायेत."

"सदरा तुमच्याच महिला मंडळाच्या लाँड्रीत धुतलाय, आई. विहारात सगळे विचारतात, एवढा पांढरा कसा?"

"धुणं मन लावून धुतलं की व्हतं," पुतळाबाई लाजून म्हणाल्या.

"बघ," सर प्रफुल्लला म्हणाले, "याला म्हणतात रिझल्ट."

प्रफुल्लनं चहा घशाखाली ढकलला. आता त्याला वादही घालवत नव्हता. "सर, करा बंद."

सरांनी तिथूनच विद्यापीठात फोन लावला. "हां, प्रफुल्लचा विषय काढून टाका. जागा द्या कुणाला तरी... दिलीत पण? बरं बरं."

एवढ्या वर्षांत विद्यापीठाचं एवढं झटपट काम प्रफुल्लनं पाहिलं नव्हतं.

त्यानं भुकटीचा डबा उचलला, गच्चीच्या कडेला नेला आणि वाडीच्या पाटात पालथा केला. पिवळा धुरळा उठला, सुपारीच्या झावळ्यांवर बसला. मग त्यानं दोन्ही बरण्याही ओतून दिल्या. खांदे एकदम हलके झाले. आज झोप लागेल, असं त्याला वाटलं.

"आये, ह्या बरण्या माळ्यावर टाक. उद्यापासून काय भरायचं न्हाय."

पुतळाबाईंच्या हातातला ट्रे कलला. "म्हंजे? अरे, विहारातली पौर्णिमा तोंडावर आली! सगळ्या बायकांच्या पांढऱ्या साड्या खाली पडल्यात. होमस्टेवाल्यांच्या चादरी वेगळ्याच."

"चादरींचा इथं काय संबंध?"

"तुझी ती पिवळीवाली नको भरू, तिचे डाग पडतात. पण बिनभुकटीची तेवढी भरत जा बाबा. तू कालेजला गेलास की तिच्यातलंच पाणी नीळ म्हणून घालते मी कपड्यांना, दुकानातल्या निळीला असा उजाळाच न्हाय. आणि सगळं थोडीच घेते? थोडं तळाला ठेवते आणि वरनं नळाचं भरते. तुझी बरणी रिकामी दिसायला नको म्हणून."