तांत्रिक अडथळा

"पेटीचं तापमान एकतीस अंश, उंदीर कोमट. माझं काहीच चुकत नाही," असे म्हणत निवृत्त यंत्रशिक्षक श्रीधरपंतांनी चिमट्यातला मेलेला उंदीर काचपेटीत पुन्हा हलवला. लेक प्रशिक्षणासाठी बंगळुरूला गेल्यापासून, म्हणजे पाच आठवडे, तिच्या पाळीव अजगराने तोंड उघडले नव्हते. आज गुंड्या जेवला नाही, तर उद्या डॉक्टर त्याच्या घशात नळी घालणार होते. पंतांना ती कल्पनाच सोसवत नव्हती.

त्यांनी सातव्यांदा टॉर्च मारला. गुंड्याने डोके वेटोळ्यात खुपसले.

"अहो, काय छळ मांडलाय!" कुमुदताई दारातून कडाडल्या. "तुमच्या आत्याबाई अश्शाच समोर बसून आग्रह करायच्या. घास उतरायचा नाही माझा! ठेवा तो उंदीर आत."

त्यांनी पेटीवर चादर टाकली आणि नवऱ्याला दंड धरून स्वयंपाकघरात नेले.

तासाभराने चादर उचलली, तेव्हा गुंड्याच्या तोंडाबाहेर उंदराचे शेपूट तेवढे उरले होते.

पंतांनी तत्काळ लेकीला फोन लावला.

"बाबा, केलंत तरी काय?"

"तांत्रिक अडथळा होता," ते गंभीरपणे म्हणाले. "दूर केला."

"अगं, तो अडथळा इथे बसून चहा पितोय!" कुमुदताई फोनकडे वाकून ओरडल्या.