वासेकरांना सावली नाही

मे महिन्यातल्या दुपारी वासेकर ठेकेदार चंद्रपूरच्या बाजारातल्या कडुनिंबाखाली आले आणि झाडाने सगळी पानं मिटून घेतली. सावलीला बसलेले लोक चरफडत उठले.

"ओ ठेकेदार, आमची सावली काहून घालवता? तिकडं उन्हात मरा ना!"

समोरच्या टपरीत कौसल्याबाई नन्नावरे चहा ढवळत ही गंमत डोळे भरून पाहत होत्या.

शहरातल्या झाडांना शास्त्रज्ञांनी शहाणपणाची लस टोचली तेव्हाच सगळ्यांना बजावलं होतं. झाडाच्या जखमेत ज्याच्या घामाचा वास सापडेल, त्याला गावातलं एकही झाड सावली देणार नाही. म्हणून तर टपरीवरची म्हातारी चिंच पाडताना वासेकरांनी सगळं काम यंत्राकडून करवलं. स्वतः मात्र कौसल्याबाईंच्याच बाकावर बसून, खांद्यावरच्या दुपट्ट्याने घाम पुसत, चहा प्यायले. त्या दिवशी बाईंच्या घरी चूल पेटली नाही.

लाल झालेले वासेकर टपरीशी आले. "मावशी, म्या तर चिंचेले बोटही नाही लावलं. मंग झाडांना माहं नाव सांगितलं कोणं?"

"म्या," कौसल्याबाई म्हणाल्या. "घामानं भिजलेला दुपट्टा बाकावर इसरून गेलते तुम्ही. तो चिंचेच्या ओल्या खोडावर पिळला."

बाईंनी बरणीतून एक चिंचोका काढला आणि वासेकरांच्या तळहातावर ठेवला.

"याले लस टोचली नाही. हा लावा, मोठा झाला का खाली बसा. तवर ऊन खा."