सतरा नावांची गाठ

"आता कुणाच्या रेघा सगळ्यांत कमी?" विस्तार अधिकारी आप्पासाहेबांनी विचारलं.

चावडीतला कारकून गोरक्ष कागदावर वाकला. त्यानं एक नाव खोडलं, त्याच्या रेघा पुसल्या आणि पुन्हा मोजायला बसला. चार दिवस हेच चाललं होतं. दुष्काळात घरपोच सरकारी सुकडी मागणारे अकराशे अर्ज या चावडीत भरले गेले होते आणि वाटपही सुरू झालं होतं. प्रत्येक अर्जावर चार ओळखीच्यांचे अंगठे. त्यात कुणीतरी टोळी करून खोटी माणसं घुसवल्याची ओरड होती. टोळी पकडायची युक्ती गोरक्षचीच. ज्यानं ज्याच्यासाठी अंगठा दिला, त्या दोघांत एक रेघ. मग ज्याला सगळ्यांत कमी रेघा, तो बाद. पुन्हा मोजायचं, पुन्हा एक बाद. सुपात पाखडावं तसं. शेवटी उरेल ती घट्ट गाठ.

सतरा नावं उरली. त्या सतरांचे अंगठे फिरून फिरून त्या सतरांतच. बाहेरचा एकही नाही.

"चोर चोर मावसभाऊ!" आप्पासाहेब खूश झाले. "गोरक्ष, तू तर पोलीस खात्यात पाहिजे होतास रे!"

जीप त्या सतरा जणांच्या वस्तीवर आली. त्या उन्हाळ्यात मिरजगावच्या सगळ्या भागात जनावरं पटापट मरत होती, आणि ती ओढून नेणारी ही वस्ती. बाभळीवर ओली कातडी टांगलेली. माशा नुसत्या घोंगावत होत्या. नाकाला रुमाल लावून गोरक्षनं सतरा नावं वाचली. सतराही माणसं समोर आली, काहींना उचलून आणून बसवलं. कुणाला दिसत नव्हतं, कुणाला उठता येत नव्हतं, दोघी बाळंतिणी होत्या. खोटं एकही नव्हतं.

"माणसं असतील खरी," आप्पासाहेब म्हणाले, "पण साक्ष आपापसातली. ती धरता येत नाही. बाहेरच्या एकाचा तरी अंगठा दाखवा, नाहीतर नावं कापतो."

"कापू नका, सायेब." वस्तीतली सगळ्यात म्हातारी कडूबाई पुढं आली. "ती सुकडी हाय म्हून या पोरींच्या अंगावर दूध हाय."

"मग गावातलं कुणीच कसं आलं नाही तुमच्यासाठी? एवढे का तुम्ही वाईट?"

"वाईट कशाचं? मेलेली म्हस न्यायला बलिवत्यात की आमाला."

गोरक्षला कधी एकदा तिथून निघतो असं झालं होतं. "साहेब, मी गावातच राहतो. मी देतो साक्ष," म्हणत त्यानं खिशातलं पेन काढलं.

"सही नको. सगळ्यांचे अंगठे आहेत, तुझाही अंगठाच दे."

कडूबाई झोपडीत गेली आणि शाईची पत्र्याची डबी घेऊन आली. "घ्या, भाऊसाहेब. वळखली का?"

गोरक्ष एक पाऊल मागं सरला.

"ही इथं कशी?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"अर्ज भरताना गावच्या बाया कुरकुरल्या, सायेब. सोमवार-गुरुवार धरनाऱ्या. आमी बोट घातलेल्या शाईत त्या कशा बोट घालतील? मंग भाऊसाहेबांनीच ही येगळी डबी आमच्यासाठी दाराभाईर ठिवली. म्हनले, गावाच्या डबीला शिवू नका, तुमचं तुमी एकमेकाला अंगठं द्या. निघताना म्हनले, आता घिऊनच जा ती." तिनं डबी उघडून पुढं धरली. "हिच्यात गावचं कोन बोट घालनार हुतं, तुमीच सांगा."

आप्पासाहेबांनी सतरा अर्ज गोरक्षपुढं ठेवले.

गोरक्षनं अंगठा शाईत दाबला. सतरा अर्जांवर सतरा ठसे उमटवले, आणि दर ठशाला त्याला स्वतःच्याच हाताची शिसारी येत गेली.