काळजीकाकू

काका काकूंना घेऊन कॅज्युअल्टीत शिरले, तेव्हा सिस्टरने मान वर न करताच डॉक्टरला सांगितलं, "काळजीकाकू आल्या, मॅडम. ईसीजी काढा, नॉर्मल येईल. दोन शब्द गोड बोला, घरी जातील."

नाव सिस्टरनेच ठेवलेलं, आणि ते काही उगाच नव्हतं. छातीत धडधडलं, हाताला मुंग्या आल्या, मुलाचा फोन लागला नाही, की काकू इथे हजर. डॉक्टर या हॉस्पिटलात नवीन होती, तरी तिनेही त्यांना एकदा समजूत घालून घरी पाठवलं होतं.

"दाढ ठणकत होती हिची," काका खुर्ची ओढून ऐसपैस बसले. "दातांच्या डॉक्टरांनी गोळी दिली. हिने आधी डबीतला तो बारीक अक्षरांचा कागद वाचला, पाठपोट. मग गोळी हातात धरून बसली. शेवटी मीच म्हटलं, अगं घे, काही होत नाही. घेतली, आणि थोड्या वेळाने उलटी. मनाचे खेळ, दुसरं काय. लग्न झाल्यापासून ही रोज मरतेय, डॉक्टर."

सिस्टर हसली. डॉक्टरलाही हसू आलं, पण काकूंकडे लक्ष गेलं आणि ते विरलं. एरवी काकू आल्या की सगळ्या वॉर्डात त्यांचाच आवाज असायचा. आज त्या कॉटच्या कडेला गप्प बसून एक तळवा दुसऱ्यावर घासत होत्या.

डॉक्टरने त्यांचे तळवे उलटे करून पाहिले. लाल झाले होते. अंगावर मात्र पुरळ नव्हतं, ओठ सुजले नव्हते, श्वासही तसा ठीक होता.

"काकू, घाबरल्यासारखं होतंय का?"

काकूंनी जरा विचार केला. "नाही. ते रोज होतं. आज भीती वाटत नाहीये. आज नुसतं कळतंय."

"काय कळतंय?"

"मी जातेय ते."

घरातलं दूध संपलंय हे सांगावं, तशा त्या म्हणाल्या. जीवघेण्या ॲलर्जीत पेशंटला आपला शेवट जवळ आल्याची जाणीव होते, हे वाक्य तिने परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण ही जाणीव साध्या भीतीपासून वेगळी ओळखायची कशी, हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नव्हतं, आणि तेव्हापासून तिला त्याचं कुतूहल होतं. घाबरट माणसालाच विचारायला हवं होतं, हे काही तिला सुचलं नव्हतं.

"सिस्टर, बीपी."

सिस्टरने पट्टा बांधला, आकडा पाहिला, सोडून पुन्हा बांधला. दुसऱ्यांदा आकडा आणखी खाली आला होता. आता ती हसत नव्हती.

"आडवं करा, पाय उंच. ॲड्रेनलीन भरा, मांडीत द्यायचंय."

"अंगावर तर काहीच उठलं नाहीये, मॅडम."

"उठेल तेव्हा उठेल. आपण वाट बघायची नाही."

इंजेक्शन गेलं. ऑक्सिजन लागला, सलाइन सुरू झालं. काकू उठून बसू पाहत होत्या, डॉक्टरने त्यांचा खांदा दाबून धरला. काका मध्येच उभे राहिले, पुन्हा बसले. त्यांच्याशी बोलायला कुणालाच सवड नव्हती.

"गोळी मी दिली," ते म्हणाले. कुणी काही विचारलं नव्हतं.

हळूहळू आकडा वर सरकू लागला. मनगटाशी हरवलेली नाडी डॉक्टरच्या बोटांना पुन्हा लागली. काकूंच्या मानेवर आता कुठे लाल चट्टे उमटायला लागले होते.

"छातीत धडधडतंय हो," मास्कमधून काकूंचा बारीक आवाज आला.

"औषधाने होतंय. धडधडू दे," डॉक्टर म्हणाली. कुठल्याही तक्रारीने तिला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

मग तिने काकांना समोर बसवून सांगितलं, की ही गोळी यापुढे काकूंना कधीच द्यायची नाही. आणि बरं वाटलं तरी काही तासांनी हे उलटू शकतं, म्हणून सकाळपर्यंत इथेच राहायचं.

"उलटू शकतं म्हणजे?" काकांनी खुर्ची कॉटला चिकटवली. "कसं कळणार? आधी काय होतं, उलटी की खाज? आणि माझा डोळा लागला तर? मी बसल्या बसल्या घोरतो, डॉक्टर. हिला काही झालं आणि मला कळलंच नाही तर?"

नर्स असतात, मशीन वाजतं, असं डॉक्टर सांगणार होती. पण काकूंनीच मास्क थोडा बाजूला केला.

"झोपा तुम्ही खुशाल," त्या म्हणाल्या. "मी रोज जागीच असते."